मागच्या प्लगला माझाच हात पोचायचा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, आई होती तेव्हा आईलाही नाही. देवापुढे उभी राहिले तरी हा विषय मनात आला की मी घाईने दुसरंच काहीतरी पुटपुटायला लागते. घरातल्या माणसाला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी त्यालाच सांगायला हवं होतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या तोंडाकडे बघून बोलावं लागत नाही. मला समोरच्याकडे बघून बोलता येत नाही, कधीच आलं नाही.

कुठून सुरुवात करू? चोरी केली म्हणू? चोरी नव्हती ती. खोटं बोलले? बोलले, पण ते पुढे. त्याआधी जे केलं त्याला काय म्हणतात, ते मला अजून सापडलेलं नाही.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझं नाव कांता. माहेर वाशीमकडचं, सासरही तिकडचंच. चौथीपर्यंत शाळा झाली. लग्न झालं आणि पुण्याला आले, विश्रांतवाडीला. आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला ह्यांचं गॅरेज आहे — पत्र्याची शेड, आणि शेडच्या मागे आमच्या दोन खोल्या. हे छोटे ट्रक आणि टेम्पो दुरुस्त करतात. डिझेलचं काम करणारे रस्त्यावर पुष्कळ आहेत. पण जुनं पेट्रोलचं इंजिन, त्यावर गॅसचं किट चढवलेलं — अशा गाड्या घेऊन लोक मुद्दाम ह्यांच्याकडे यायचे. ह्यांना कान होता. गाडी दारात थांबायच्या आत हे म्हणायचे, एक सिलिंडर सुस्त आहे हिचा. आणि असायचा.

'होता' असं लिहिलं मी. ते का, ते येईलच.

नवीन आले तेव्हा नळावर बायका माझ्या बोलण्याला हसायच्या. वाईट मनाने नव्हे. आमच्याकडे 'करून राहिली', 'तुले', 'मले' असं बोलतात ना. एकदा मी एका बाईला हंडा जरा सरकवायला सांगितलं, तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "मराठीत सांगा, म्हणजे सरकवते." सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. पण त्या दिवसापासून मी सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर जायला लागले. इथल्यासारखं बोलायला हळूहळू शिकले, पण तोवर बोलायची सवयच गेली होती. मुलगी होती तोपर्यंत घरात आवाज होता. तिचं लग्न झालं, ती अकोल्याला गेली. हे मुळात अबोल. दिवसभर इंजिन ऐकायचे, आत आले की त्यांना काही ऐकायची इच्छा नसायची.

तुम्ही कधी असं केलंय का — दुधाची पिशवी घेताना दुकानदाराशी उगाच एक वाक्य जास्तीचं बोलायचं, का, तर आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून? मी करायचे. आणि मग घरी येईपर्यंत त्या वाक्याचाच विचार करायचे, की बरोबर बोलले ना?

ही सबब म्हणून सांगत नाही. फक्त तेव्हा घर कसं होतं ते सांगते आहे.

गॅरेजमध्ये माझं एक काम ठरलेलं होतं. जुन्या छोट्या ट्रकचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. सीट उचलली, खालचा पत्रा काढला की दिसतं. चार प्लग असतात, त्यांनी ठिणगी पडते आणि इंजिन चालतं. पुढचे तीन हाताशी येतात. चौथा मागे, नळ्या आणि वायरींच्या आड, अगदी भिंतीला चिकटून. ह्यांचा पंजा मोठा, तो मनगटाशीच अडकायचा. दुसरे मिस्त्री तेवढ्या एका प्लगसाठी अर्धं इंजिन उघडतात. माझा हात मात्र आत जायचा. दिसत काहीच नाही, सगळं बोटांनी. वायरीची टोपी ओढायची, लांब पाना बसवायचा, सावकाश सैल करायचा. परत लावताना आधी नुसत्या बोटांनी फिरवायचा, आटे नीट धरले की मगच पान्याने आवळायचा. हे ह्यांनीच शिकवलं. तेव्हापासून मागचा प्लग माझा झाला. निघालेले प्लग पेट्रोलमध्ये बुडवून, तारेच्या ब्रशने घासून, टोकाची फट मापून द्यायचं कामही माझंच. आम्ही जुने प्लग लगेच टाकत नाही, चालतात तोवर साफ करून चालवतो. अगदीच गेले, तर शेडमधल्या एका पत्र्याच्या डब्यात.

मला ते काम आवडायचं. कुणाशी बोलावं लागत नाही, आणि तरी माणसांत असल्यासारखं वाटतं.

अशाच एका दुपारी मंदाताई आली. गाडीच्या आधी रिकाम्या पातेल्यांचा खणखणाट आला, मग गाडी आली, आणि गाडीतून साडीचा पदर खोचलेली, दणकट, माझ्यापेक्षा थोडी मोठी अशी एक बाई उतरली. मी तोवर ट्रक चालवणारी बाई पाहिली नव्हती. ती धायरीची. नवरा वारला, त्यानंतर त्याचा जुना ट्रक तिने स्वतः चालवायला घेतला होता. धायरीतल्या एका केटररच्या स्वयंपाकघरातून भात, आमटी, भाज्या यांची मोठी पातेली भरायची आणि दुपारच्या जेवणाआधी खराडीला आयटी कंपनीच्या कॅन्टीनला पोचवायची, हे तिचं काम. गॅसचं किट तिच्या नवऱ्याने ह्यांच्याकडूनच बसवून घेतलं होतं, म्हणून परतताना ती वाट वाकडी करून आमच्याकडे आली होती.

"दाजी," ती आल्या आल्या ह्यांना म्हणाली — पहिल्याच भेटीत दाजी — "सपाटीला सुतासारखी चालती. भरलेली असली आन् पुलाचा चढ लागला, की म्हातारीगत खोकती. मला तर वाटतं, आता बसती ही मधीच फतकल मारून."

ह्यांनी सीट उचलली. मी चहा मांडू का असं विचारलं, आणि घाबरून माझ्या तोंडून आमच्याकडचीच भाषा बाहेर पडली. मी जीभ चावली. ती वळून म्हणाली, "कुठल्या गं तुम्ही? बोला की मोकळं. माझं तरी कुठं पुस्तकातलं हाय?"

मग ती पालथ्या ड्रमवर बसली आणि बोलत राहिली. मी प्लग घासत ऐकत राहिले. सिग्नलला पुरुष कसे टकाटका बघतात, आणि एकाला तिने काच खाली करून कसं विचारलं, "बांगड्या बघतोस व्हय? स्टेअरिंगला चालत्यात त्या, तुझी गाडी सुरू कर, हिरवा झाला." जेवण थोडं उशिरा आलं की कंपनीतली शिकलेली पोरं काचेच्या दाराशी कशी येऊन उभी राहतात. मी हसले. खूप दिवसांनी आवाज करून हसले. हे सीटखालून वर बघायला लागले.

त्या दिवशी दोष मागच्याच प्लगमध्ये निघाला. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला केसासारखी काळी भेग गेली होती. हे म्हणाले, रिकाम्या गाडीत ठिणगी जागच्या जागी पडते, पण ओझं आलं, इंजिन तापलं, की ती भेगेतून निसटते. दारात उभ्या गाडीत हा प्लग पकडता येत नाही. त्यांनी नवीन दिला, मी बसवला. भेगेचा प्लग डब्यात गेला.

आणि मंदाताई यायची थांबली. बरी झालेली गाडी गॅरेजला कशाला येईल? जाताना "येते गं कांते" म्हणाली होती. मी ते खरं धरून बसले होते. पातेल्यांचा आवाज आला की बाहेर जायचे. कुणाच्या तरी लग्नाची भांडी असायची.

दसऱ्याच्या आधी ती आली, ऑइल बदलायला आणि गाडी पूजेसाठी नीट करून घ्यायला. आमचं पुन्हा तसंच बोलणं झालं. तिने माझ्यासाठी डब्यातून शिरा आणला होता. ह्यांनी सांगितलं, प्लग चांगले आहेत, नुसते पुसून लाव. पुढचे तीन त्यांनीच लावले आणि ते दुसऱ्या गाडीकडे गेले. मंदाताईला केटररचा फोन आला, ती बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेली. मी तिथे एकटी. हातात मागचा प्लग, स्वच्छ, चांगला.

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. तुम्हाला कळलंच असेल. तरी लिहायला हवं.

मी डब्यात हात घातला. भेगेचा प्लग शोधला. उजेडात धरून बघितला — तोच आहे ना? तोच होता. त्याची फटसुद्धा मापून नीट केली. मग हात आत घातला आणि तो मागे बसवला. चांगला प्लग साडीच्या ओच्यात ठेवला.

चुकून झालं असं म्हणता आलं असतं. दोन्ही प्लग सारखे दिसतात, डबा शेजारीच होता. पण चुकून नव्हतं. मला माहीत होतं की गाडी दारातून नीट जाईल, चढाला खोकेल, आणि ती परत येईल. एकदाच येईल, असं मी मनात म्हटलं. एकदा आली की बदलून टाकीन.

ती आली. पातेली वाजली आणि मला — लाज वाटते लिहायला — मला आनंद झाला. चहाचं आधण मी ती गाडीतून उतरायच्या आत ठेवलं.

हे कामाला लागले. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर दुसऱ्या, हाताशी येणाऱ्या टोकाकडून काढून बघितली, प्रत्येक वेळी इंजिन दबलं. म्हणजे चारही चालू. "मागचा बरा हाय ना?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, हो, आत्ता तर लावला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मिस्त्री लोक माणसावर विश्वास ठेवतात की नाही माहीत नाही, पण नुकत्याच केलेल्या कामावर ठेवतात. त्यांनी वायरी बदलल्या, मागची टोपी तेवढी मी बसवली. गाडी गेली.

मी का नाही बदलला? तीच वेळ होती. बदलायचा म्हणूनच हात आत घालणार होते. पण तेव्हा मंदाताई सांगत होती की ती नवऱ्याला चोरून गाडी शिकली, तो झोपला की चावी घ्यायची आणि माळावर फेऱ्या मारायची. आणि म्हणाली, पुढलं पुढच्या वेळी सांगते. पुढच्या वेळी.

ती पुन्हा आली, आणि त्यानंतरही येत राहिली. ह्यांनी कॉइल बदलली. ठिणगी वाटून देणारी टोपी बदलली. गॅसच्या किटचा दाब बघितला. पाण्याची पिंपं भरून गाडीवर ठेवली आणि स्वतः चढावर नेऊन आणली, तेव्हा तिने त्यांच्यासमोर झटके दिले. ते परत येऊन बराच वेळ इंजिनाकडे नुसतं बघत बसले. "मले सापडून नाही राहिलं," म्हणाले. ह्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. मग शेवटचा उपाय म्हणून चार नवे कोरे प्लग आणले. तीन त्यांनी लावले, एक माझ्या हातात दिला.

मी हात आत घातला. टोपी काढली. आणि तीच टोपी परत बसवली.

बाकी काही केलं नाही. नवा प्लग ओच्यात गेला, पहिल्यासारखाच. सामानाचे पैसे मंदाताई देत होती. मजुरी ह्यांनी घेतली नाही, "गाडी बरी होऊ द्या आधी" म्हणाले. पहिल्या वेळी जे केलं ते एका क्षणात झालं असं मी स्वतःला सांगू शकत होते. ह्या वेळी ह्यांचा चेहरा माझ्यासमोर होता, तिचा होता, आणि तरी मी ते केलं.

त्या दिवसांत ती माझी मैत्रीण झाली. हेही खरं आहे, आणि ते मला खोटं म्हणता येत नाही. तिने मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. "दाब की पाय. घाबरतीस काय, उभी हाय गाडी!" मी दाबला. इंजिन मोठ्याने गरजलं, एकदाही न अडखळता — उभ्या गाडीत ते अडखळणारच नव्हतं. ती टाळ्या पिटत हसली. म्हणाली, "दाजी, बायकू पळाली बरं का तुमची ट्रक घेऊन!" हेसुद्धा हसले. आमच्या शेडमध्ये त्या दुपारी तीन माणसं हसत होती. आणि त्या हसण्याखाली, सीटच्या खाली, मी लावलेला तो प्लग होता.

एके दिवशी ती आली ती जरा गप्प. हातातली बांगडी फिरवत म्हणाली, "जेवण उशिरा चाललंय कांते. केटरर म्हणतोय, आता झालं तर दुसरी गाडी बघतो." मग नेहमीसारखं म्हणाली, "बघू दे. माझ्याइतकं तोंड हाय का दुसऱ्या कुठल्या गाडीला?"

मी तेव्हाच ठरवलं. आज चांगला प्लग लावायचा. मी आत गेले, डाळीच्या डब्यात लपवलेला एक प्लग काढला, मुठीत धरून बाहेर आले. तोवर ह्यांनी पत्रा लावून सीट खाली टाकली होती. मंदाताई गाडीत बसली होती. मला एवढंच म्हणायचं होतं — थांबा, मागचा प्लग एकदा बघू द्या. एवढंच. कारणही सांगायला लागलं नसतं. पण हे विचारतील, आत्ता का? आधी का नाही? आणि मग मला त्यांच्याकडे बघावं लागेल. मी मूठ पदराखाली धरून उभी राहिले. गाडी गेली. पुढच्या वेळी नक्की, असं मी म्हटलं.

पुढची वेळ आली नाही. गाडी मुंढव्याच्या पुलावर चढाला बंद पडली. मागे गाड्यांची रांग, लोक हॉर्न वाजवताहेत, शिव्या देताहेत, आणि ती एकटी, मागे भरलेली पातेली. जेवण पोचलं तेव्हा कंपनीतले लोक बाहेर खाऊन आले होते. ते अन्न परत आलं. तिचं काम त्याच दिवशी गेलं. तिने फोन करून सगळं ह्यांना सांगितलं, मी दाराआडून ऐकत होते. नंतर तिने गाडी विकली. ते सांगायला ती बसने आली होती. "दाजी, तुमचा काय दोष न्हाई. वय झालं तिचं." हे मान वर करून बघेनात. माझा हात धरून ती म्हणाली, "तुझी सवय झाली गं."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मला रोज दिसतं. ती गाडी लोहगावच्या एका माणसाने घेतली. एकदा हे धानोरीकडून आले, जेवायला बसले आणि म्हणाले, "मंदाताईची गाडी दिसली. विटा भरलेल्या. चढ चढून गेली, एक झटका नाही. कोणीतरी बरी केली तिले." भाताचा घास तसाच हातात होता. "मले नाही सापडली."

त्यानंतर ह्यांनी पेट्रोलची गाडी घेणं हळूहळू बंद केलं. आता कुणी आणलीच, तर शेजारच्या गॅरेजवाल्याला हाक मारतात — जरा ऐक रे, मला नीट ऐकू येत नाही. तो ऐकतो आणि सांगतो. पुष्कळदा चुकीचं सांगतो. ह्यांना ते कळतं, मी त्यांच्या कपाळावरून ओळखते. पण ते आपलं म्हणणं मांडत नाहीत. मला रोज म्हणावंसं वाटतं, अहो, तुमचा कान शाबूत आहे. पण ते विचारतील, तुला काय माहीत?

असं करत दिवस गेले. मग एकदा मी ठरवलं की निदान तिला तरी सांगायचं. ती खराडीत एका कंपनीत साफसफाईच्या कामाला लागली आहे असं कळलं होतं. मी बसने एकटी गेले. त्या उंच काचेच्या इमारतींमध्ये कुणाला विचारायचं, कसं विचारायचं — वाटेत सारखं तोंडातल्या तोंडात घोकत होते. कंपनीच्या गेटवरच्या माणसाने बरं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर आली. अंगात कंपनीचं निळं जाकीट, गळ्यात कार्ड. वाळली होती. मला बघून तिने रस्त्यातच मिठी मारली. "वाशीम खराडीत आलं की!"

आम्ही कुंपणाच्या कट्ट्यावर बसलो. तिने सगळं विचारलं, दाजी कसे आहेत, मुलगी कशी आहे. मी मनात वाक्य जुळवत होते. पहिला शब्द ओठापर्यंत आला होता, खरंच आला होता. आणि तीच म्हणाली —

"एक विचारू? दाजी खरं सांगणार न्हाईत, तू सांग. माझ्याच चालवण्यानं गेली ना गं ती गाडी? आमच्या ह्यांच्या हातात कधी खोकली न्हाई. मी क्लचवर पाय ठेवून चालवायची, हे जिते असताना, चोरून शिकलेलं कळल्यावर शेजारी बसायचे आन् लई ओरडायचे. जपून जपून ठेवलेली गाडी त्यांनी, आन् मी बघता बघता वाटोळं केलं. रोज वाटतं मला. माझ्याच हातून गेली ना?"

ती माझ्याकडे बघत होती. इतक्या सरळ तिने मला कधी काही विचारलं नव्हतं. दुसरं कुणी असं विचारणारही नाही. मला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. प्लगचं न सांगता, नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं.

मी म्हणाले, "असेल."

का म्हणाले? 'नाही' म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग कशानं? एवढंच कारण. त्या एका प्रश्नाला चुकवायला मी तिच्या मेलेल्या नवऱ्याची गाडी तिच्या पायाखाली घातली. प्लग लावला तेव्हा मी तिच्यासाठी वेडी होते, असं तरी म्हणता येईल. 'असेल' म्हणताना मी फक्त स्वतःसाठी बोलले.

तिने मान हलवली. रडली नाही. "वाटलंच मला," म्हणाली. मग मांडीवर डबा उघडला, चपातीचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला. "खा. लांबून आलीस."

मी खाल्ला. भूक नव्हती, तरी सगळा खाल्ला, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही. ती बघत होती मी खाते की नाही. सुट्टी संपली, ती जाकीट नीट करत आत गेली. काचेच्या दारातून तिने हात केला. मी पण केला, आणि बसस्टॉपवर आले.